समिंदरबाच्या खुंटीवर माझी गाठ

लातुरात आमच्या वरच्या खोलीत लोह्याकडची पूजा नावाची मुलगी भाड्यानं राहते. नर्सिंगचं शिकते. रोज सकाळी बाहेर पडताना ती दारामागच्या खिळ्याला सुतळीचा एक तुकडा अडकवते. त्या तुकड्याला मधोमध एक गाठ. संध्याकाळी आली की आधी तो तुकडा काढते, मग चपला. चार महिने मी हे बघत गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नव्हे, आमच्या घरी कुणालाही विचारा. पाचव्या महिन्यात मी तिला जिन्यातच गाठलं.

"आमच्या देवाचं हाय बाई," ती म्हणाली. "समिंदरबाचं."

"समुद्राचा देव? नांदेड जिल्ह्यात?" मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. अशा ठिकाणी माझा आवाज आपोआप चढतो. "नकाशा बघितलायस का कधी? समुद्र कुठं, लोहा कुठं."

"आमी बेटावर राहतो की पण," पूजा म्हणाली आणि क्लासला निघून गेली.

त्यानंतर मला चैन पडेना. निवृत्त झाल्यापासून लोक मला काशीला चला, केरळला चला म्हणत होते. मी कुठं गेले नाही. आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी पिशवीत दोन लुगडी, स्वेटर आणि मुरूडच्या माहेरचा चिवडा घेऊन मी लोह्याच्या बसमध्ये बसले, तीन दिवसांसाठी. नवरा म्हणाला, "देव बघून ये, पण त्याला शिकवत बसू नकोस."

लोह्याच्या पुढं

धरणाचं आणि वाडीचं खरं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या लोकांनी तसं बजावलंय. मोबाइल घेऊन नाचायला येणारी पोरं आधीच फार झालीत म्हणे. लोह्याला उतरलं की पुढं जीप, जीप संपली की कापसाच्या रानातून पायवाट, आणि पायवाट एकदम पाण्यात जाते. बस्स, रस्ताच संपतो. खालचं गाव धरणात गेलं तेव्हा बहुतेक लोक सरकारी वसाहतीत गेले. उंचावरच्या माळावर राहणारी तीसेक घरं उठली नाहीत, कारण त्यांची घरं बुडतच नव्हती. पाणी मात्र चारी बाजूंनी आलं. पूर्वी त्या वस्तीला माळवाडी म्हणत, आता सगळे नुसतं बेट म्हणतात.

मी काठावर उभी राहिले आणि खरं सांगते, बघतच राहिले. आम्ही लातूरची माणसं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरचा भोंगा वाजला की बाई अर्धी भाकरी तव्यावर सोडून पळते. भांडी विसळलेलं पाणी आम्ही झाडाला घालतो, आणि इथं क्षितिजापर्यंत पाणी पसरलेलं, कुणी ड्रम घेऊन उभं नाही. एवढं पाणी एका जागी मी शिकवलंय पुष्कळ, बघितलं नव्हतं.

पूजाची आई कलावती होडी घेऊन आली. चाळिशीची, काटक, साडीचा काष्टा मारलेला. वल्ही हातात असताना ती बोलते कमी आणि बघते जास्त.

"पोहता येतं का बाई?"

"नाही."

"मग मधोमध बसा. हालू नका. आन् बोलू बी नका." एवढं म्हणून तिनं होडी लोटली. मी पंधरा मिनिटं गप्प होते, घरी कुणाचा विश्वास बसला नाही.

बेटाच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या समिंदरबा. चार दगडी खांब, वर पत्रा, मध्ये शेंदूर लावलेला एक गोल जाड दगड उभा केलेला. त्याच्या मधोमध भोक, तेच देवाचं तोंड. मागं एक लांबच लांब जुनी तुळई आडवी बसवलेली आणि तिला ओळीनं खुंट्या. खुंटीखाली प्रत्येकाचं नाव खडूनं. देवळाजवळ मिठाचं मडकं होतं. कलावतीनं चिमूटभर मीठ देवाच्या तोंडात टाकलं, मलाही टाकायला लावलं.

"मीठ कशाला?"

"समिंदर खारा असतो म्हणतेत. ह्याला गोड्या पाण्यात आणून बसवलाय, तर तेवढं तरी द्यावं लागतंय."

मग तिनं मला नियम सांगितला. बेट सोडून कुणीही पलीकडं निघालं, शेतावर असो की बाजाराला, की आपल्या खुंटीवर गाठीची सुतळी अडकवायची. परत आलं की स्वतःच्या हातानं काढायची. दिवेलागणीला ज्या घरची पाळी ते माणूस येऊन तुळई बघतं. सगळ्या खुंट्या मोकळ्या असल्या तर ठीक. एक जरी गाठ लटकत असली तर हलगी वाजते, होड्या निघतात, आणि ती गाठ उतरेपर्यंत बेटावर एकही चूल पेटत नाही. हुडकायला निघालेल्यांना तेवढी गाठ माफ. परगावी निघालेला माणूस पोचल्याचा फोन आला की मगच त्याची गाठ घरचे काढतात.

"एका माणसापायी सगळं गाव उपाशी?" मी विचारलं.

"उपाशी असलं की माणूस नीट हुडकतंय," कलावती म्हणाली.

पाव्हण्यांनाही खुंटी मिळते. माझ्या खुंटीखाली तिनं खडूनं लिहिलं, लातूरच्या बाई. शेजारची खुंटी कुणाची म्हणून मी नावं वाचत गेले. कलावतीचं होतं, घरजावई होऊन राहिलेल्या तिच्या नवऱ्याचं होतं, पूजाचंही होतं.

"आबांचं कुठाय?" आबा म्हणजे तिचे वडील, कोंडिबा. पूजाकडून त्यांचं नाव ऐकलं होतं.

कलावतीचा चेहरा आक्रसला. "त्यांची खुंटी न्हाई. मारूच देत न्हाईत. सत्तरी उलटली, रोज पहाटं एकटे काहील घेऊन मासे धरायला जातेत. कधी परत येतेत, कधी पलीकडं शेतातल्या आखाड्यावरच, गुरांच्या कोठ्यात निजतेत. रातभर मला कळत न्हाई की माणूस आखाड्यावर हाय का पाण्यात. हात जोडले बाई, पाया पडले, एक गाठ मारा म्हणलं. न्हाई म्हंजे न्हाई."

आबा

गूळ करायची मोठी लोखंडी काहील हीच आबांची होडी. बेटावर सगळ्यांकडं लाकडी होड्या आल्या, आबांनी काहील सोडली नाही. त्या संध्याकाळी ते ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. बारीक, काळेशार, डोळे मिश्कील. मी चिवडा दिला. त्यांनी तोंडात टाकला आणि म्हणाले, "मुरूडचा हाय. शेंगदाणा सांगतोय."

मी सरळ मुद्द्यावर आले. "आबा, सगळं बेट गाठ मारतं. तुम्हीच का नाही?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. कलावती आत भाकरी थापत होती, थापांचा आवाज येत होता.

"सांगू? कुणाला बोलू नका. मीच बनवलाय तो देव."

"म्हणजे?"

"म्हंजे बनवलाय. समिंदर मी उभ्या जन्मात बघितला न्हाई. पाणी आलं त्या पहिल्या साली कलावतीची माय खुरपायला पलीकडं गेली. सांजच्याला आली न्हाई. मला वाटलं, वसाहतीत भनीकडं राहिली आसंल. भनीला वाटलं घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं." त्यांनी सुई जाळ्यात टोचली आणि तिथंच ठेवली. "रातभर ती पाण्यात, आन् मी जेवून झोपलेलो. मग महिन्याभरानं लोकास्नी सांगितलं, समिंदरबा सपनात आला, खुंट्या मारा म्हणला. कुटलं सपान. मला झोपच नव्हती. पण मी सांगितलं आसतं तर कुणी ऐकलं आसतं का? देवाचं ऐकतेत."

मी चिवड्याची पुडी त्यांच्याकडं सरकवली.

"तेव्हापासून कुणी गेलं नाही?"

"एक बी न्हाई," आबा म्हणाले, आणि त्या एवढ्या बोलण्यात केवढा अभिमान होता. "पण मला म्हायती हाय ना तो खोटा हाय. मला काय राखणार? मी गाठ मारली तर मलाच हसू येईल."

जेवायला मरळ मासा होता, येसराचं भाजकं पीठ आणि काळ्या मसाल्यात उकळलेला, आणि ज्वारीची पातळ भाकरी. कलावतीनं हात धुवायला भरलेली बादली दिली आणि उरलेलं पाणी अंगणात फेकलं. मी हात पुढं करेपर्यंत ते मातीत गेलं. "आवं बाई, लई हाय," ती हसत म्हणाली.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी कलावतीबरोबर पलीकडं जाताना मी शहाण्या पोरीसारखी माझी गाठ अडकवली. तिची तूर काढायची चालली होती. मी बांधावर बसून ओल्या शेंगा खाल्ल्या आणि सकाळभर एकच घोशा लावला, मला बुडालेल्या देवळाचा कळस बघायचाय. पाणी थोडं उतरलं की उत्तरेच्या अंगाला जुन्या गावच्या देवळाचा कळस वर दिसतो म्हणे. "तिकडं बाभळी बुडालेल्या हायत, होडी अडकती. उद्या बघू," कलावती म्हणाली.

दुपारी मला ऊन लागलं. दुधाचे कॅन आणायला पलीकडच्या गावची एक होडी बेटावर चालली होती. मी कलावतीला सांगितलं, मी पुढं होते, आणि त्या होडीत बसले. आता ऐका. ती होडी धक्क्यावर जात नाही. ती शाळेमागच्या पायऱ्यांना लागते. मी तिथं उतरले, दूधवाला कॅन घेऊन परत गेला, आणि मी समिंदरबाकडं न जाता शाळेच्या मागच्या लिंबाखाली बसले. वाऱ्याची मस्त झुळूक येत होती. वहीत चार ओळी लिहिल्या. पिशवी उशाला घेतली. मोबाइल कलावतीच्या घरी चार्जिंगला. बाकी सांगायला नको.

हलगीनं जाग आली. कडकड कडकड, नुसता ताल. मला वाटलं, आरती असेल. उन्हं नुकतीच गेली होती. मी केस नीट केले, पिशवी झटकली आणि छान रमतगमत, वाटेतल्या बोरी बघत धक्क्याकडं निघाले. एका घरातूनही धूर नव्हता, तेही मला शांत-शांत आणि सुंदर वाटलं. किती मूर्ख असावं माणसानं.

धक्क्यावर सगळ्या बाया उभ्या. लेकरं त्यांच्या पदराला. होडी एकही नाही. मी एकीचा हात धरून विचारलं, "कोण हरवलं हो?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग तुळईकडं बघितलं. सगळ्या खुंट्या मोकळ्या होत्या आणि एका खुंटीवर गाठ होती. खाली खडूनं लिहिलेलं, लातूरच्या बाई.

"तुमीच की वं माय," ती म्हणाली.

धरणी फाटून मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिथं धरणी फाटायच्या आधी पाणी लागलं असतं. भुकेली लेकरं, चुली थंड, पुरुष थंडीत पाण्यावर, आणि मी बोरी बघत आलेली. कलावती शेवटच्या होडीत होती, ती काठापासून फार लांब गेली नव्हती. बायांनी ओरडून तिला परत बोलावलं. ती उतरली, मला नखशिखांत बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "आलात? बरं झालं." तिच्या डोळ्यात पाणी होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता होड्यांना परत बोलवायचं म्हणून तिनं हलगीवाल्याला खूण केली. तेवढ्यात उत्तरेच्या अंगानं आरोळी आली. कलावतीचा शेजारी दत्तू त्या बाजूला गेला होता, कारण सकाळभर मी कळस कळस करत होते आणि सगळ्यांना वाटलं बाई तिकडंच गेली असणार. आरोळी पुन्हा आली, या वेळी कळली.

"आबा! आबा घावले!"

कलावती धक्क्याच्या कडेला धावली. आबांना कुणी शोधतच नव्हतं. त्यांची खुंटीच नव्हती. दुपारी बुडालेल्या बाभळीच्या खोडावर काहील आदळली, कलंडली आणि बुडाली. आबा बाभळीच्या वर आलेल्या फांदीला धरून कमरेएवढ्या पाण्यात लटकत होते, मार्गशीर्षाच्या गारठ्यात, तिन्हीसांज होईपर्यंत. आवाज बसला होता. बेटावर ते दिसले नसते तर सगळ्यांनी म्हटलं असतं, आखाड्यावर निजले असतील. जसं पूर्वी एकदा म्हटलं होतं.

दत्तूनं त्यांना घोंगडीत गुंडाळून आणलं. ओठ निळे, दात वाजत होते. दोन बाया त्यांना धरून देवळाच्या कट्ट्यावर बसवायला लागल्या, आणि कलावती एकदम माझ्यावर ओरडली, "बाई, बघत काय बसलात? गाठ काढा आधी. चूल पेटवायची हाय."

बाप कुडकुडतोय, आणि तरी तिनं माझी गाठ खुंटीवर असताना काडी ओढली नाही. मी धावले. पन्नाशीनंतर मी पहिल्यांदा धावले असेन. सुतळी खुंटीवरून निघेना, दातानं ओढली. ती निघाली तशी धक्क्यापासून वस्तीपर्यंत घराघरात काड्या ओढल्याचा आवाज झाला, आणि बघता बघता सगळ्या बेटावर धूर. मी आयुष्यात पुष्कळ बक्षीस समारंभ बघितले, असा एकही बघितला नाही.

आबांना शेकोटीशी बसवलं, गरम पाणी पाजलं. जरा धुगधुगी आल्यावर त्यांनी विचारलं, "मला हुडकाया कोण निघालं होतं?"

"तुमाला कुणी न्हाई," दत्तू म्हणाला. "आमी मास्तरीणबाईला हुडकत होतो."

"आन् त्या कुठं होत्या?"

"शाळंमागं. झोपून राहिल्या होत्या."

आबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, मग हसता हसता रडायला लागले आणि कुणाला ते थांबवायची घाई नव्हती.

नवी खुंटी

तिसऱ्या दिवशी सकाळी कलावतीनं तुळईत गिरमिटानं भोक पाडायला घेतलं. तिनं कुणाला विचारलं नाही. आबा घोंगडी पांघरून कट्ट्यावर बसले होते.

"लेकी, ऐक," ते म्हणाले. "तुला एक सांगायचं राहिलंय. ह्यो देव मी..."

"तुमी बनवलाय," कलावती गिरमिट फिरवत म्हणाली. "सगळ्यास्नी ठाव हाय."

आबा घोंगडीतून अर्धवट उठले. मी दत्तूकडं बघितलं, तो जमिनीकडं बघत हसत होता.

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासनं. मी काय आंधळी होते का? हे वरचं जात्याचं दगूड हाय. माईच्या जात्याचं. ह्याच्या तोंडात मी मुठीनं जोंधळे घातलेत, तिच्या पुढ्यात बसून. शेंदूर लावला म्हणून मला वळखू येणार न्हाई व्हय?"

मी त्या दगडाकडं बघितलं. दोन दिवस मी त्याच्या तोंडात मीठ घालत होते आणि मला, भूगोलाच्या बाईला, जातं ओळखू आलं नव्हतं.

"मग कुणी बोललं कसं न्हाई?" आबांचा आवाज बारीक झाला होता.

"कामून बोलायचं? देव चांगला हाय," दत्तू म्हणाला.

आबांनी दगडावर हात फिरवला. मग ते माझ्याकडं न बघता बोलले, पण मला वाटतं मलाच सांगत होते. "हसू येईल म्हणलो होतो, ते खोटं होतं. तिला हुडकाया कुणी निघालं न्हाई. मग मला तरी कशाला कुणी निघावं, असं वाटायचं."

"काल निघाले की," कलावती म्हणाली. तिनं नवी खुंटी ठोकली, खाली खडूनं लिहिलं, आबा. मग सुतळीचा तुकडा वडलांच्या हातात दिला. त्यांनी गाठ मारली. इतकी वर्षं जाळी विणलेला माणूस, पण ती गाठ त्यांना तीनदा मारावी लागली. खुंटीवर अडकवली आणि दत्तूच्या होडीतून बुडालेली काहील बाहेर काढायला गेले. सगळं बेट धक्क्यावर. काहील दोराला बांधून ओढत आणली तेव्हा हलगी वाजत होती, आणि या वेळी खरोखर नाचायला वाजत होती. आबा उतरले, चालत तुळईपाशी गेले, स्वतःच्या हातानं गाठ काढली आणि वर धरून सगळ्यांना दाखवली. एखाद्या पैलवानानं गदा दाखवावी तशी. मीसुद्धा ओरडले. माझा आवाज वर्ग गप्प करायला घडलेला आहे, तो सगळ्यांच्या वर ऐकू गेला.

परत लातूर

दुपारी निघाले. कळस बघायचा राहिला, राहू दे. निघताना गाठ अडकवली, मीठ टाकलं. कलावतीनं सुक्या मासळीचा पुडा दिला. आबांनी काहीच दिलं नाही, फक्त म्हणाले, "पोचल्यावर कळवा. हयगय करू नका."

लोह्याला बस चुकली. पुढची अहमदपूरला पंक्चर झाली. तिथं मी भजी खाल्ली, चहा घेतला, शेजारच्या बाईला सगळी हकीकत सांगितली. घरी आले तेव्हा आठ वाजून गेले होते. नवऱ्यानं पिठलं करून ठेवलं होतं. मी पाय धुतले, ताटावर बसले, आणि त्याला आबांच्या खुंटीचं सांगता सांगता दोन घास खाल्ले.

वरून पूजा खाली आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, आईला फोन केला का?"

मी उष्ट्या हातानंच मोबाइल धरला. एकाच रिंगमध्ये उचलला गेला. कलावती नव्हती, आबा होते. देवळात बसून होते, मागं बायांचा, लेकरांचा कलकल आवाज येत होता.

"पोचले आबा," मी म्हणाले. "मघाशीच पोचले. चुकले मी."

"जेवलात का?"

काय सांगणार. "दोन घास."

मग सत्तरी उलटलेला तो माणूस, ज्यानं तो देव स्वतःच्या हातानं बनवला होता, माझ्यावर असा खेकसला की समोर बसलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेलं.

"आमी हितं चुली थंड ठिवून बसलोय बाई. देवाची काय लाज हाय का न्हाई तुमाला? थांबा, काढतो."

फोनमधून खुंटीवरून सुतळी ओढल्याचा बारीक आवाज आला, मग हलगी, आणि तिच्यामागं एकामागून एक काड्या.